मट्टनचेरीतील रामनवमी

गेली एकतीस वर्षे रामनवमीच्या मध्याह्नी पाळण्याची दोरी ओढावयाचा आमच्या घरचा नेम कधी चुकला नव्हता. त्या वर्षी मात्र मुलांनी हौसेने घडविलेल्या समुद्रपर्यटनामुळे आम्ही उभयता मुंबईहून निघालेल्या जहाजावर होतो, आणि नवमीच्या सकाळीच ते कोची बंदरास लागले. सायंकाळी सहाला पुन्हा नांगर उचलावयाचा होता. घरून बांधून आणलेली सुंठवड्याची पुडी सौभाग्यवतींनी पिशवीत घातली आणि एवढेच म्हटले, “अहो, बाराच्या आत देवळात पोहोचू ना?”

देऊळ म्हणजे चेरलाईतील तिरुमल देवस्थान, गोव्याहून परागंदा झालेल्या गौड सारस्वतांचे. गोव्यात १५६० साली इन्क्विझिशन सुरू झाले, तेव्हा देव, देश आणि धन यांतील जे उचलता आले ते घेऊन कित्येक कुटुंबे या किनाऱ्यास लागली. आम्ही मालवणकडचे, त्या वास्तूविषयी मनात ओढ असणे साहजिकच होते.

परंतु उतरण्याचे सोपस्कार आणि लाँचची रांग यांतच दहा वाजले. फोर्ट कोचीच्या धक्क्यावर दगडांच्या भाराने तोललेली चिनी जाळी संथपणे वरखाली होत होती. तेथून सेंट फ्रान्सिस चर्च जवळच. वास्को द गामा १५२४ साली कोचीत वारला व येथेच पुरला गेला. १५३९ साली त्याच्या अस्थी पोर्तुगालला नेल्या. खरे म्हणजे तेथे थांबावयास नको होते. इतिहासाचा मोह माझा, आणि उशीर झाला तोही माझ्यामुळेच.

मग बाजार रस्त्याने आम्ही पायी निघालो. दुतर्फा जुन्या वखारी. मिरी आणि सुंठ यांचा उग्र दरवळ. निऱ्या सावरीत सौभाग्यवती पुढे चालल्या होत्या, न बोलता. मट्टनचेरीचा राजवाडा आला तेव्हा बाराला दहा मिनिटे होती आणि चेरलाई अजून दूर होती. “आत रामायण आहे,” मी ओशाळून म्हणालो.

हा वाडा पोर्तुगीजांनी १५५५च्या सुमारास बांधून कोचीच्या राजास दिला. पुढे डचांनी त्याची डागडुजी केली, म्हणून लोक त्यास डच राजवाडा म्हणतात. राजाच्या शयनगृहाचे लाकडी छत ठेंगणे आहे. भिंतींवर दशरथाच्या पुत्रकामेष्टीपासून सीतेसह रामाच्या परतीपर्यंत सारी कथा रंगविलेली आहे. गेरूचा तांबडा, पिवळा आणि तो केरळी हिरवा रंग. आकृती एकमेकींस इतक्या बिलगलेल्या की रिकामी जागा शोधूनही सापडू नये. सौभाग्यवती यज्ञाच्या चित्रासमोर उभ्या राहिल्या. घड्याळात बारा वाजले. त्यांनी डोळे मिटले, आणि उजवा हात दोरी ओढावी तसा किंचित हलला. मी तो पाहिला नाही असे दाखविले.

चेरलाईला पोहोचलो तो दीड वाजून गेला होता. दार बंद; ते आता सायंकाळीच उघडणार. सौभाग्यवती पायरीवर बसल्या. सावलीत बसलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी विचारले, “तुमी खंयचे?” कोकणी कानी पडताच त्यांचा चेहरा उजळला.

मग ते आपल्या देवाची हकीकत सांगत बसले. १७९१ साली राजाची खप्पा मर्जी झाली, तेव्हा मूर्ती त्रावणकोरात आलप्पुळ्यास नेली. परत आली ती १८५३ साली. साठ वर्षे देवच दाराबाहेर होता, असे सांगून ते हसले. येथील सारस्वतांचा आणखी एक मान त्यांनी सांगितला. ‘हॉर्टस मलबारिकस’ या वनस्पतिग्रंथासाठी रंगभट, विनायक पंडित आणि आपुभट या तिघा वैद्यांनी कोकणीत साक्षपत्र लिहून दिले. ते १६७८ साली ॲम्स्टरडॅमला नागरी अक्षरांत छापले गेले.

बोलता बोलता त्यांनी घरून पानक मागविले. गूळ, सुंठ, मिरी, वेलदोडा. फुलपात्र गार होते. सौभाग्यवतींनी पिशवीतून पुडी काढली, चिमूटभर सुंठवडा उंबरठ्याशी ठेवला आणि उरलेला त्यांच्या ओंजळीत दिला. त्यांनी तो कपाळास लावला.

साडेतीनची लाँच आम्हांस मिळाली.