कासच्या पठाराखालची वीट

पावसाळा सरता सरता साताऱ्याहून यवतेश्वराचा घाट चढून कासला जाणारी गर्दी फुलं बघते. ती ज्याच्यावर उगवतात त्या दगडाकडे कुणाचं लक्ष जात नाही. तो जांभा. तांबडा, भोकाभोकांचा, पाचगणीच्या टेबललँडच्या माथ्यावरही तोच. भूगर्भशास्त्रातलं त्याचं नाव लॅटराइट, आणि ते रोमन लोकांच्या विटेवरून पडलंय. लॅटिनमध्ये विटेला 'लाटेर' म्हणत.

हे बारसं केलं फ्रान्सिस बुकॅनन या कंपनी सरकारच्या डॉक्टरने. 1799 मध्ये टिपू पडल्यावर गव्हर्नर जनरल वेलस्लीने त्याला म्हैसूर, कानडा आणि मलबार पाहून यायला धाडलं. मलबारातल्या अंगाडीपुरम इथे त्याला हा दगड खणला जाताना दिसला. जमिनीत असतो तोवर तो इतका मऊ, की कुदळीने चौकोनी तुकडे काढायचे आणि थापीने किंवा मोठ्या सुऱ्याने तासून लगेच आकार द्यायचा. उघड्यावर ठेवला की तोच विटेसारखा कडक होतो. भट्टी लागत नाही. तिकडचे लोक त्याला वीटदगड म्हणत, 'इटिका कल्लू'. बुकॅननने 1807 च्या आपल्या प्रवासग्रंथात त्याच नावाला लॅटिन कपडे चढवले. 'इटिका' म्हणजे संस्कृत इष्टका, हिंदीतली ईंट. तेव्हा पारिभाषिक शब्दाचं श्रेय साहेबाला मिळालं, तरी मूळ निरीक्षण खाणीतल्या माणसांचं.

नाव पडलं ते रंगावरून किंवा घडणीवरून नव्हे, दगडाच्या वागण्यावरून, हे मला फार मोलाचं वाटतं. कारण कास उघडंबोडकं का, याचं उत्तर त्या वागण्यात आहे. सह्याद्रीचा काळा पाषाण लाखो वर्षं पावसात कुजला. त्यातला चुना, सोडा आणि बरीचशी सिलिका पाण्याबरोबर वाहून गेली. लोह आणि अॅल्युमिनियमची ऑक्साइडं तेवढी मागे उरली. हा उरलेला थर वाऱ्याउन्हात कडक होऊन पठाराचं कवच बनला. वर माती जेमतेम, त्यामुळे मोठ्या झाडाला मूळ रोवायला जागाच नाही. पावसाळ्यात खळग्यांत पाणी साचतं, दिवाळीनंतर सगळं खडखडीत. मातीत नत्र कमी, म्हणून दवबिंदू आणि सीतेची आसवं या वनस्पती कीटक पकडून आपली भूक भागवतात.

पठारावरच्या खळग्यांत साचलेल्या या पाण्यात वायतुरा फुलतो. 1982 मध्ये शास्त्रज्ञांनी त्याला नाव दिलं अॅपोनोजेटॉन सातारेन्सिस. इथे मात्र लॅटिन प्रत्ययाआधी सातारा सरळ ऐकू येतो.