पूर्वेची कोयना, पश्चिमेची वीज

किनाऱ्यालगतच्या हिमाच्छादित पर्वतांतून, उदाहरणार्थ नॉर्वेत, उगम पावणाऱ्या नद्यांना उन्हाळ्यात हिमनदीचे वितळणारे पाणी मिळते आणि समुद्र जवळ असल्याने त्या थोड्या अंतरात मोठी उंची उतरतात. सह्याद्रीत मात्र हिम नाही, पाऊस चार महिन्यांतच कोसळतो, आणि कोयनेसारखी नदी समुद्राकडे पाठ फिरवून कऱ्हाडला कृष्णेला मिळते. पाण्यापासून मिळणारी वीज पाण्याच्या प्रमाणावर आणि ते किती उंचीवरून पडते यावर अवलंबून असते. वाशीम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यातील इंझोरीच्या परिसरात, अरुणावती-अडाणच्या पठारी खोऱ्यांत, ही उंचीच नाही, म्हणून तेथील धरणे मुख्यतः सिंचनाची आहेत.

कोयनेवर हिमनदीचे साठवणुकीचे काम शिवसागर जलाशय करतो. सुमारे १०५ अब्ज घनफूट क्षमतेच्या या जलाशयातील पाणी बोगद्यांनी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला नेले जाते, पोफळीच्या भूमिगत वीजगृहात ते सुमारे पावणेपाचशे मीटर खाली पडून जनित्रे फिरवते, पुढे कोळकेवाडी धरणात अडवून अलोऱ्याच्या वीजगृहात पुन्हा वापरले जाते आणि शेवटी वाशिष्ठीवाटे अरबी समुद्रास मिळते.

कोयना प्रकल्पाच्या चौथ्या टप्प्यातील काम विशेष धाडसाचे होते. भरलेला जलाशय रिकामा न करता त्याच्या तळाखालून बोगदा खोदत नेला, शेवटी खडकाचा एक पडदा तेवढा शिल्लक ठेवला आणि १३ मार्च १९९९ रोजी तो सुरुंगाने उडवला. ‘लेक टॅपिंग’ नावाचे, नॉर्वेत रुळलेले हे तंत्र भारतात तेव्हा प्रथमच वापरले गेले. प्रकल्पाची एकूण क्षमता आज १,९६० मेगावॅट आहे. जनित्रे काही मिनिटांत सुरू करता येत असल्याने संध्याकाळी मागणी एकदम चढली की ही वीज विशेष कामी येते, आणि सामायिक वीजजाळ्यामुळे तिचा आधार वाशीमपर्यंत पोहोचतो.

किंमतही लहान नव्हती: जलाशयाखाली गावे गेली; ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपाने कोयनानगर उद्ध्वस्त झाले, आणि जलाशयाचा त्या भूकंपाशी असलेला संबंध भूशास्त्रज्ञांच्या अभ्यासाचा विषय ठरला. शिवाय पश्चिमेकडे वळवलेल्या प्रत्येक थेंबाला कृष्णेच्या खोऱ्यातील शेती मुकते. म्हणूनच कृष्णा पाणीतंटा लवादाने वीजनिर्मितीसाठी वर्षाला ६७.५ अब्ज घनफुटांची मर्यादा घातली असून, तो कोटा संपत आला की जलाशयात पाणी शिल्लक असले तरी पश्चिमेची वीजनिर्मिती आवरती घ्यावी लागते.