लाल पेशीच्या आवरणावर

पर्लकोटा नदीला पूर आला की गडचिरोलीतल्या भामरागडचा संपर्क तुटतो, आणि हिवतापाचे दिवसही नेमके तेच. अशा वेळी पाड्यावर मदतीला असते ती आशाताईंच्या पिशवीतली हिवताप तपासायची चपटी किट. बोटाला टोचून रक्ताचा थेंब खळग्यात सोडायचा, द्रावण टाकायचं, पंधरा-वीस मिनिटं थांबायचं. फाल्सिपारम या हिवतापाच्या परजीवीची रेघ उमटते ती त्याने रक्तात सोडलेल्या एचआरपी-२ या प्रथिनामुळे. ताप उतरल्यावरही हे प्रथिन काही आठवडे रेंगाळतं. बऱ्या झालेल्याची रेघ पुन्हा दिसली म्हणून लगेच गोळ्यांना दोष देऊ नये.

परजीवीची खरी करामत मात्र लाल पेशीच्या आवरणावर घडते. पेशीत शिरणारा परजीवी, म्हणजे मेरोझॉइट, मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षा जेमतेम मोठा. पेशीला चिकटला की तो वळून आपलं निमुळतं टोक तिच्याकडे करतो. त्याच्या शरीरात कॅल्शियम वाढलं की तो इशारा समजून टोकाजवळच्या पिशव्या प्रथिनं बाहेर सोडतात. त्यातलं आरएच-५ पेशीवरच्या बॅसिजिन या प्रथिनाला धरतं. ही जोडी २०११ साली उघडकीस आली. मग परजीवी स्वतःचंच आरओएन-२ हे प्रथिन पेशीच्या आवरणात रोवतो आणि आपल्या एएमए-१ या प्रथिनाने ते पकडून आत सरकतो. भिंतीत आपणच खुंटी ठोकावी आणि तिलाच धरून चढावं, तसं. आत शिरायला मिनिटही लागत नाही.

पुढचे सुमारे ४८ तास तो त्या पेशीचा मालक. लाल पेशीला केंद्रक नाही, नवी प्रथिनं घडवण्याची सोय नाही. म्हणून सगळा कारखाना तोच उभारतो. पेशीचंच अ‍ॅक्टिन वापरून वाटा बांधतो आणि पीएफईएमपी-१ हे चिकट प्रथिन आवरणावरच्या बारीक गाठींपर्यंत पोचवतो. अशा पेशी रक्तवाहिन्यांच्या अस्तराला चिकटून बसतात. मेंदूत असं झालं की रुग्ण बेशुद्ध पडतो.

गडचिरोली-चंद्रपूरच्या गोंड, माडिया कुटुंबांत सिकलसेल हा लाल पेशींचा आनुवंशिक आजार आढळतो, त्याचं नातं इथे लागतं. आईवडिलांपैकी एकाकडूनच हे जनुक आलेल्या, म्हणजे एएस किंवा वाहक माणसाच्या पेशीत परजीवीचं अ‍ॅक्टिनचं बांधकाम बिघडतं. आवरणावर चिकट प्रथिन कमी पोचतं आणि हिवताप सहसा जिवावर बेतत नाही. दोघांकडून जनुक आलेल्या एसएस रुग्णाला मात्र हे संरक्षण नाही. त्याच्यासाठी हिवताप अतिशय घातक.

शाळेतल्या सिकलसेल तपासणीनंतर मुलाच्या हाती नुसता ‘वाहक’ लिहिलेला कागद देणं मला फार अपुरं वाटतं. हे जनुक म्हणजे घराण्याला लागलेला डाग नाही, हिवतापाच्या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या जगलेल्यांकडून ते आलं आहे, हे त्याला त्याच्या माडियात, गोंडीत कळायला हवं. वाहकालाही ताप येतो, तेव्हा तपासणी टाळायची नाही, हेही. आणि लग्नाचं वय झालं की आणखी एक गोष्ट: दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल एसएस असण्याची शक्यता चारात एक असते.