कुत्र्यासाठी चांगलं खाणं कसं निवडायचं? पिशवीवरचं काय वाचायचं आणि काय सोडून द्यायचं

पेट शॉपमध्ये गेलात की कुत्र्याच्या खाण्याच्या पिशव्यांची भिंतच समोर उभी असते. प्रत्येक पिशवीवर चकचकीत केसांचा कुत्रा, ताज्या मांसाचा तुकडा, गाजर-मटार आणि सोबत 'प्रीमियम', 'नॅचरल', 'होलिस्टिक' असे भारदस्त शब्द. किमतीत मात्र तिप्पट-चौपट फरक. दुकानदाराला विचारलं तर तो म्हणतो, "हेच जास्त जातं." मग निवडायचं कसं?

हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही. आपण सकाळी पोहे खातो, दुपारी भाजी-पोळी, रात्री वरण-भात. एका जेवणात काही कमी पडलं तर दुसऱ्यात भरून निघतं. पाळलेला कुत्रा एकच खाणं महिनोन् महिने, कधी कधी वर्षानुवर्षं खातो. त्या खाण्यात एखादा घटक कमी असेल तर तो रोज कमी पडतो, आणि जास्त असेल तर रोज जास्त होतो. त्यामुळे त्याचं ताट निवडताना थोडा हिशोब करावाच लागतो.

प्रोटीनचा आकडा का फसवू शकतो?

बहुतेक जण पिशवी उलटी करून आधी प्रोटीन किती टक्के आहे ते बघतात. आकडा महत्त्वाचा आहेच, पण तो एकटा पुरेसा नाही. याचं सगळ्यात भीषण उदाहरण २००७ सालचं आहे.

त्या वर्षी मार्चमध्ये अमेरिका आणि कॅनडात कुत्र्या-मांजरांची मूत्रपिंडं अचानक निकामी होऊ लागली. मेनू फूड्स या कंपनीने अनेक ब्रँडसाठी तयार केलेलं खाणं बाजारातून परत मागवावं लागलं. तपासात कळलं की चीनमधून आलेल्या गव्हाच्या ग्लुटेनमध्ये मेलामाईन मिसळलेलं होतं. मेलामाईन म्हणजे प्लास्टिकच्या ताटल्या बनवण्यासाठी वापरतात ते रसायन.

ते खाण्यात का घालावं? कारण प्रयोगशाळेत प्रोटीन थेट मोजत नाहीत. नमुन्यातला नायट्रोजन मोजतात आणि त्याला ६.२५ने गुणतात. मेलामाईनमध्ये नायट्रोजन भरपूर असतो. ते मिसळलं की कागदावर प्रोटीन वाढलेलं दिसतं, प्राण्याच्या पोटात मात्र विष जातं. पुढच्याच वर्षी चीनमध्ये लहान मुलांच्या दूध पावडरमध्ये हीच युक्ती सापडली.

अशी भेसळ रोज होत नाही. पण एक गोष्ट यातून लक्षात घ्यायची: 'क्रूड प्रोटीन' हा आकडा नायट्रोजनचा हिशोब सांगतो. ते प्रोटीन चिकनचं आहे की पिसांचं, आणि त्यातलं किती पचणार, हे तो सांगत नाही.

आधी हे वाक्य शोधा

पिशवीच्या पुढच्या बाजूपेक्षा मागची बाजू जास्त बोलते. तिथे 'कम्प्लीट अँड बॅलन्स्ड', म्हणजे संपूर्ण आणि संतुलित आहार, असं लिहिलंय का ते पाहा. 'कॉम्प्लिमेंटरी', 'ट्रीट' किंवा 'टॉपर' लिहिलं असेल तर ते खाणं पूरक आहे. रोजचं जेवण म्हणून ते चालत नाही.

या वाक्याजवळ बऱ्याचदा आफ्को हे नाव दिसतं. ही अमेरिकेतल्या पशुखाद्य नियंत्रण अधिकाऱ्यांची संघटना. कुत्र्याच्या खाण्यात कोणता घटक कमीत कमी किती असावा, याचं कोष्टक ती प्रसिद्ध करते. पाण्याचा अंश वगळून मोजलं तर प्रौढ कुत्र्यासाठी किमान १८ टक्के आणि पिल्लांसाठी व गाभण किंवा दूध पाजणाऱ्या कुत्रीसाठी किमान २२.५ टक्के प्रोटीन हवं, असं ते कोष्टक सांगतं. पण आफ्को स्वतः कुठलंही खाणं तपासत नाही आणि कुणाला मंजुरीही देत नाही. त्यामुळे 'आफ्को मान्यताप्राप्त' असं कुणी म्हणत असेल तर सावध व्हा.

भारतात काय आहे? २००६च्या अन्न सुरक्षा आणि मानके कायद्यात 'अन्न' म्हणजे माणसाचं अन्न. पशुखाद्य त्या व्याख्येतून वगळलेलं आहे. पेट फूडसाठी भारतीय मानक ब्युरोने मानक तयार केलेलं आहे. तरीही बिस्किटाच्या पुड्याकडून आपण जी हमी गृहीत धरतो, ती इथे तशीच्या तशी धरू नये. लेबल नीट वाचण्याची जबाबदारी आपल्यावर जास्त येते.

त्याच वाक्यात ते खाणं कोणत्या वयासाठी आहे तेही दिलेलं असतं. मोठ्या चणीच्या जातींच्या पिल्लांसाठी, म्हणजे ग्रेट डेन, जर्मन शेफर्ड, लॅब्राडोर यांच्यासाठी, हे फार महत्त्वाचं आहे. या पिल्लांना गरजेपेक्षा जास्त कॅल्शियम मिळालं तर हाडं आणि सांधे बिघडतात. 'हाडं मजबूत व्हावीत' म्हणून संतुलित खाण्यावर वरून कॅल्शियमचं सिरप देणं अनेक घरांत चालतं. पशुवैद्यकाने सांगितल्याशिवाय ते देऊ नका.

घटकांची यादी कशी वाचायची?

यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. पण वजन धरतात ते घटक कच्चा असतानाचं, पाण्यासकट. ताज्या चिकनमध्ये सुमारे ७० टक्के पाणी असतं. त्यामुळे 'चिकन' यादीत पहिलं दिसलं, तरी सुकल्यानंतर त्याचा वाटा तांदळापेक्षा कमी भरू शकतो. उलट 'चिकन मील' हा शब्द ऐकायला कसातरी वाटतो, पण त्यातलं पाणी आधीच काढलेलं असतं आणि प्रोटीन दाट असतं.

दुसरी खुबी म्हणजे एकाच धान्याचे तुकडे करणं. मका, मक्याचं ग्लुटेन, मक्याचं पीठ असं वेगवेगळं लिहिलं की प्रत्येक घटक यादीत खाली सरकतो आणि मांस वर दिसतं. तिन्हींची बेरीज मनात करून पाहा.

'मीट' किंवा 'अ‍ॅनिमल डेरिव्हेटिव्ह' अशा मोघम नावापेक्षा 'चिकन', 'मटण', 'मासा' असं नेमकं नाव बरं. काळीज, कलेजी यांना मात्र नाकं मुरडू नका. कुत्र्यासाठी तो पौष्टिक भाग आहे.

ओलं आणि कोरडं खाणं यांची तुलना

ग्रेव्हीच्या पाऊचवर ८ टक्के प्रोटीन लिहिलेलं असतं आणि कोरड्या दाण्यांवर २२ टक्के. मग दाणे जास्त चांगले? थांबा, आधी पाणी वजा करा.

पाऊचमध्ये ८० टक्के पाणी असेल तर उरलेला भाग २० टक्के. त्यातले ८ म्हणजे ४० टक्के प्रोटीन. दाण्यांमध्ये पाणी १० टक्के असेल तर उरलेला भाग ९० टक्के. त्यातले २२ म्हणजे साधारण २४ टक्के. चित्र एकदम उलटं झालं. दोन वेगळ्या प्रकारच्या खाण्यांची तुलना नेहमी अशीच करायची.

धान्य नसलेलं खाणं चांगलं का?

'कुत्रा म्हणजे लांडगा, त्याला धान्य पचत नाही,' असं सांगून 'ग्रेन फ्री' खाणं महाग विकलं जातं. २०१३ साली 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत आलेल्या संशोधनाने दाखवलं, की माणसाजवळ राहता राहता कुत्र्याच्या जनुकांत बदल झाले आणि स्टार्च पचवण्याची त्याची क्षमता लांडग्यापेक्षा कितीतरी वाढली. शिजवलेला भात किंवा भाकरी त्याला पचते. खाण्याची अ‍ॅलर्जी असलेल्या कुत्र्यांतही गव्हापेक्षा गोमांस, दुधाचे पदार्थ आणि चिकन हीच कारणं जास्त आढळतात.

जुलै २०१८मध्ये अमेरिकेच्या एफडीएने आणखी एक इशारा दिला. मटार, मसूर, बटाटा यांचं प्रमाण जास्त असलेलं, बहुतेक वेळा धान्य नसलेलं खाणं खाणाऱ्या काही कुत्र्यांत हृदयाचे स्नायू कमकुवत होण्याचा आजार दिसत होता. नेमका कार्यकारणसंबंध अजून सिद्ध झालेला नाही. पण ठोस वैद्यकीय कारण नसताना 'ग्रेन फ्री'साठी जास्त पैसे मोजण्यात अर्थ नाही, एवढं नक्की.

घरचं खाणं चालेल का?

आपल्याकडे दूध-पोळी, दूध-भाकरी खाऊन कुत्री पिढ्यान्‌पिढ्या जगली, हे खरं. पण गावाकडचा कुत्रा दिवसभर फिरून उंदीर, उष्टं, हाडकं असं बरंच काही मिळवायचा. तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमधल्या कुत्र्याला फक्त दूध-पोळीच मिळते. तिच्यात प्रोटीन अपुरं पडतं, शिवाय अनेक मोठ्या कुत्र्यांना दूध पचत नाही आणि जुलाब होतात.

नुसतं चिकन-भात देणंही पूर्ण आहार नाही. बिनहाडाच्या मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नगण्य असतं. कुत्र्याला कॅल्शियम फॉस्फरसइतकं किंवा त्याहून थोडं जास्त, दुपटीपर्यंत लागतं. हे गणित चुकलं की शरीर हाडांतून कॅल्शियम ओढून घेतं. पिल्लांचे पाय वाकतात, किरकोळ उडीनेही हाड मोडतं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी घरगुती खाण्याच्या २०० पाककृती तपासल्या. २०१३मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ९५ टक्के पाककृतींत किमान एक आवश्यक घटक कमी निघाला. त्यातल्या काही तर पशुवैद्यकांनी लिहिलेल्या होत्या.

म्हणून घरीच शिजवायचं असेल तर आहाराची माहिती असलेल्या पशुवैद्यकाकडून कुत्र्याच्या वजनानुसार प्रमाण लिहून घ्या आणि सांगितलेली खनिजं-जीवनसत्त्वं चुकवू नका. शाकाहारी घरांनाही हेच लागू. मांजराला मांसाशिवाय चालत नाही, कुत्र्याला नीट आखलेला शाकाहार चालू शकतो, पण तो अंदाजाने आखता येत नाही. कांदा, लसूण, द्राक्षं, मनुका, चॉकलेट आणि झायलिटॉल असलेले बिनसाखरेचे पदार्थ कधीच नकोत. शिजवलेली हाडंही नकोत. ती टोकदार फुटतात आणि आतड्यात रुततात.

किती द्यायचं आणि खरी किंमत किती?

चांगलं खाणंही जास्त दिलं तर वाईटच. अमेरिकेत ४८ लॅब्राडोर कुत्र्यांवर १४ वर्षं एक अभ्यास झाला. जोडीतल्या एका कुत्र्याला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खाणं दिलं. कमी खाणारे कुत्रे मध्यमानाने १३ वर्षं जगले, दुसरे ११.२ वर्षं. जवळपास दोन वर्षांचा फरक, तोही महागड्या ब्रँडमुळे नव्हे, तर फक्त मापामुळे.

माप काढायला एक सोपी रीत आहे. वजन किलोमध्ये घ्या, त्याचा घन करा, कॅल्क्युलेटरवर दोनदा वर्गमूळ घ्या आणि ७०ने गुणा. नसबंदी झालेल्या प्रौढ कुत्र्यासाठी आलेल्या उत्तराला आणखी १.६ने गुणा. ३० किलोच्या कुत्र्याला अशा प्रकारे दिवसाला साधारण १,४३५ किलोकॅलरी लागतात. हा सुरुवातीचा अंदाज आहे, पुढे कुत्र्याचं अंग पाहून तो कमी-जास्त करायचा.

आता किंमत. समजा, एका पिशवीचा भाव किलोला ३०० रुपये आहे आणि त्यात ३,५०० किलोकॅलरी आहेत. दुसरीचा भाव ४०० रुपये, पण किलोकॅलरी ४,२००. ३० किलोच्या या कुत्र्याला पहिलं खाणं रोज ४१० ग्रॅम लागेल, खर्च १२३ रुपये. दुसरं ३४२ ग्रॅम, खर्च १३७ रुपये. किलोमागे १०० रुपयांचा वाटणारा फरक दिवसाला १४ रुपयांवर आला. म्हणून भाव किलोचा नाही, दिवसाचा काढा. पिशवीवर कॅलरीच दिलेल्या नसतील, तर कंपनीला विचारा. हे खाणं कोणी आखलं, कुठल्या कारखान्यात बनतं, हेही विचारा. सरळ उत्तर न मिळणं हेही एक उत्तरच असतं.

पावसाळा आणि सुटं खाणं

अनेक दुकानांत मोठं पोतं फोडून दाणे सुटे विकतात. ते स्वस्त पडतात, पण त्यावर ना बॅच क्रमांक असतो ना मुदतीची तारीख. शिवाय उघड्या पोत्यातल्या दाण्यांना कोकण-मुंबईच्या दमट हवेत बुरशी लागायला वेळ लागत नाही. मका, शेंगदाणा यांवर वाढणाऱ्या काही बुरशींचं अफ्लाटॉक्सिन हे विष यकृत निकामी करतं. २०२०च्या अखेरीस अमेरिकेत अशाच दूषित खाण्यामुळे मोठी माघार घ्यावी लागली. जानेवारी २०२१पर्यंत ११०हून अधिक पाळीव प्राणी दगावल्याच्या नोंदी एफडीएकडे आल्या होत्या.

महिन्याभरात संपेल एवढीच बंद पिशवी घ्या. दाणे मूळ पिशवीतच ठेवून ती पिशवी घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. वास खवट आला किंवा कुत्र्याने नेहमीचं खाणं अचानक नाकारलं, तर बळजबरी करू नका.

शेवटचा निकाल कुत्रा देतो

नवीन खाणं एकदम सुरू करू नका. सात ते दहा दिवसांत जुनं कमी करत नवं वाढवत न्या. मग सहा-आठ आठवडे निरीक्षण करा. शी घट्ट आणि मापात आहे का? केसांना तकाकी आहे का? सारखी खाज, कानात घाण, पोटात गॅस असं काही नाही ना? बरगड्यांवरून हात फिरवला की त्या हाताला लागायला हव्यात, पण लांबून उठून दिसायला नकोत. वरून पाहिलं तर कंबर दिसायला हवी.

हे सगळं ठीक असेल तर तुमच्या कुत्र्यासाठी ते खाणं चांगलं आहे, मग पिशवीवर 'प्रीमियम' लिहिलेलं असो वा नसो.