पाणबुड्याचा साज आणि पाण्याची परीक्षा

गेल्या नाताळच्या सुमारास आमच्या एका माजी विद्यार्थ्याचें पत्र आलें. तो आतां अमेरिकेंतील फ्लॉरिडा राज्यांत एका यंत्रशाळेंत काम करितो. पत्रासोबत दोन छायाचित्रें होतीं. पहिल्यांत तो पोहण्याच्या तलावांत पाण्याखालीं आहे. छाती वर, पाय खालीं, जणूं एखादी अदृश्य शिडी चढत आहे. दुसऱ्यांत तोच मनुष्य, तोच तलाव, तींच उपकरणें. परंतु शरीर मेजावर ठेवलेल्या पट्टीसारखें सरळ आडवें. या दोन चित्रांमध्यें सहा आठवड्यांचें अंतर होतें. “सर, या सहा आठवड्यांत मीं नवीन कांहींहि विकत घेतलें नाहीं, होतें त्यांतलें थोडें काढलें आणि बाकीचें हलविलें,” असें त्यानें लिहिलें होतें. हीं चित्रें आम्हीं वर्गांत दाखविलीं, तेव्हां मुलांनीं इतके प्रश्न विचारले कीं, त्यांचीं उत्तरें येथें एकत्र लिहून ठेवणें आम्हांस योग्य वाटलें.

त्याच्या अंगावर जें उपकरण आहे त्यास साइडमाउंट साज म्हणतात. घोडा गाडीस जुंपावयाचा तर जसा पट्ट्यांचा साज लागतो, तसा हवेचे सिलिंडर अंगास बांधण्यासाठीं पाणबुड्यासहि लागतो. सामान्यतः पाणबुड्या सिलिंडर पाठीवर घेतो. या पद्धतींत मात्र दोन सिलिंडर दोन्ही कुशींस, काखेपासून मांडीपर्यंत, शरीराशीं समांतर असे असतात. साजाचे भाग थोडे आहेत. दोन इंच रुंदीचा नायलॉनचा पट्टा खांद्यांवरून व कमरेभोंवतीं घेतलेला. एक पट्टा दोन्ही पायांमधून गेलेला. त्यांवर इंग्रजी ‘डी’ अक्षराच्या आकाराच्या कड्या. सिलिंडराचें तोंड काखेशीं धरून ठेवणारी ताणाची रबरी दोरी. आणि पाठीच्या खालच्या भागावर एक हवेची पिशवी. पिशवींत हवा भरली कीं मनुष्य हलका होतो, सोडली कीं जड होतो.

ही पद्धति कारखान्यांत जन्मास आली नाहीं. इंग्लंडच्या सॉमरसेट परगण्यांत वूकी होल नांवाची गुहा आहे. तिच्यांतून ॲक्स नदी बाहेर पडते. इ. स. १९३५ मध्यें ग्रॅहॅम बॅलकॉम व त्याचे सोबती जड शिरस्त्राणाचा पोषाख घालून, बाहेरून पंपानें येणाऱ्या हवेवर, या गुहेच्या बुडालेल्या भागांत शिरले. १९४३ सालीं फ्रान्समध्यें कूस्तो व गान्यां या दोघांनीं पाणबुड्याच्या श्वासाप्रमाणें सिलिंडरांतील हवा पुरविणारें यंत्र सिद्ध केलें. पुढें १९४६ मध्यें बॅलकॉमनें गुहांत बुड्या मारणारांचा संघ स्थापिला. कालांतरानें सिलिंडर गुहांत आले, आणि एक अडचण उभी राहिली: वाट इतकी ठेंगणी असे कीं, पाठीवरचा सिलिंडर छतास अडके. तेव्हां इंग्रज पाणबुड्यांनीं तो कमरेच्या पट्ट्यास बाजूनें बांधला. त्यांच्या गुहांत पाण्याचा भाग बहुधा आखूड असे व बरेंचसें अंतर रांगतच जावें लागे. म्हणून पाण्यांत आपण कसे तरंगतों याचा विचार त्यांस फारसा करावा लागला नाहीं.

ती युक्ति १९७० नंतरच्या काळांत फ्लॉरिडांत पोंचली, तेव्हां मात्र परिस्थिति बदलली. तेथील गुहा लांबच लांब पाण्यानें भरलेल्या. झऱ्यांचें पाणी कांचेसारखें स्वच्छ, पण तळाशीं अत्यंत बारीक गाळ बसलेला. ज्याचे पाय लोंबत असतील त्याच्या रबरी पंखांच्या एका फटकाऱ्यानें तो गाळ उठतो, आणि क्षणापूर्वीं स्पष्ट दिसणारी वाट हातभर अंतरावरहि दिसेनाशी होते. डोक्यावर दगडाचें छत. सरळ वर जातां येत नाहीं. जवळची हवा मोजकी. अशा ठिकाणीं शरीर आडवें राहतें कीं नाहीं, यावर परत येणें अवलंबून असतें. म्हणून तेथील पाणबुड्यांनीं मिळेल तो जुना साज उसवून, हवेची पिशवी जोडून, सायकलच्या चाकांतील रबरी नळ्यांनीं सिलिंडर काखेशीं बांधून, आपापले साज घरींच केले. असे साज दुकानांत मिळूं लागले ते १९९० नंतरच्या दशकांत. आजहि पुष्कळ हौशी लोक तो स्वतः तयार करितात, कारण कोणत्याहि दोन मनुष्यांचीं शरीरें सारखीं नसतात.

आतां मुख्य विषयाकडे वळूं. पाण्यांतील मनुष्यासंबंधीं दोन प्रश्न असतात. पहिला, तो किती जड आहे? दुसरा, तें जडपण कोठें आहे? पहिल्याचें उत्तर आर्किमिडीजच्या नियमांत आहे: बुडालेल्या वस्तूनें जितकें पाणी बाजूस सारलें असेल, तितक्या पाण्याच्या वजनाइतकी ती हलकी होते. ती न बुडतां, न वर येतां, आहे तेथें राहिली, म्हणजे तिचें प्लवन साधलें. दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर गुरुत्वमध्यावर अवलंबून असतें, आणि त्यास आपण तोल म्हणूं.

हे दोन प्रश्न निरनिराळे आहेत, हें आम्हीं वर्गांत एका लहानशा बाटलीनें दाखविलें. घट्ट बुचाची रिकामी प्लास्टिकची बाटली घ्यावी. तिच्या बुडाशीं रबराच्या कड्यांनीं लोखंडी नट बांधावे. एकेक नट वाढवीत जावें, म्हणजे बाटली अखेर पाण्याच्या पृष्ठाखालीं जेमतेम बुडेल. प्लवन साधलें, पण बाटली शिपायासारखी ताठ उभी आहे! आतां एकहि नट न वाढवितां वा न काढतां, ते थोडे थोडे मध्याकडे सरकवावे. बाटली कलते, आणखी कलते, आणि एका जागीं येतांच आडवी होते. वजन तेंच, पाणी तेंच; बदलली ती केवळ जागा. मनुष्याचें असेंच आहे. त्याच्या छातींत फुप्फुसें हवेनें भरलेलीं असतात, म्हणून ती वर उचलली जाते. पाय जड, म्हणून ते खालीं जातात. साजाचें काम असें कीं, हवेची पिशवी व वजनें अशा जागीं धरावीं कीं, वर उचलणारें बल आणि खालीं ओढणारें बल हीं एकाच उभ्या रेषेंत यावीं.

आमच्या विद्यार्थ्यानें साजाची परीक्षा क्रमानें केली. प्रथम कोरडी परीक्षा. साज अंगावर चढवून त्यानें डोळे मिटले, आणि प्रत्येक कडी, चाप व झडप दोन्ही हातांनीं सांपडते कीं नाहीं तें पाहिलें. कारण गढूळ पाण्यांत डोळ्यांचा उपयोग नसतो. मग हवेची पिशवी फुगवून रात्रभर ठेवली व सकाळीं पाण्यांत दाबून शिवणींतून बुडबुडे येतात काय तें तपासलें.

दुसरी परीक्षा वजनाची. येथें त्याच्याकडून पहिली चूक झाली. त्यानें भरलेले सिलिंडर घेऊन वजन जुळविलें. आपण हवेस वजनशून्य मानतों. परंतु त्याच्या ११ लिटरांच्या एका ॲल्युमिनियमच्या सिलिंडरांत सुमारें २०० बार, म्हणजे वातावरणाच्या जवळजवळ दोनशेंपट दाबानें, जी हवा कोंबलेली असते, तिचें वजन अडीच किलोग्रॅमहून अधिक भरतें. दोन सिलिंडरांची हवा पांच किलोंहून अधिक झाली. ती श्वासावाटे संपत गेली कीं पाणबुड्या तितका हलका होतो, आणि जेव्हां खालीं स्थिर राहणें अत्यंत जरूर, नेमका तेव्हांच वर उचलला जाऊं लागतो. यासाठीं वजन पाहावयाचें तें सिलिंडर जवळजवळ रिकामे असतांना. पिशवी रिती करून, नेहमींसारखा श्वास घेऊन उभें राहिलें असतां पाणी डोळ्यांशीं लागावें, आणि श्वास सोडतांच मनुष्य हळूहळू खालीं जावा, हें योग्य माप. हें कळतांच भीतीनें, “थोडें जास्त असलेलें बरें,” असें म्हणून त्यानें कमरेस सहा किलो शिसें लाविलें. ही दुसरी चूक.

तिसरी परीक्षा तोलाची. तलावाच्या तळाजवळ तो चांगला दहा मिनिटें पोहला आणि साज उत्तम झाला असें समजून वर आला. काठावरचा त्याचा मित्र अनुभवी पाणबुड्या होता. तो म्हणाला, “पुन्हां खालीं जा, आणि एक मिनिटभर पाय हलवूं नकोस.” अर्ध्या मिनिटांत त्याचे पाय तळास टेकले. तेंच पहिलें छायाचित्र.

असें कां झालें? ज्याचे पाय खालीं आहेत तो पंख मारतो, तेव्हां तो पुढें तर जातोच, पण थोडा वरहि ढकलला जातो. अंगावर जरूरीपेक्षां अधिक शिसें असेल तर तें त्यास खालीं ओढतें. वर ढकलणें व खालीं ओढणें एकमेकांस खाऊन टाकतात, आणि त्यास वाटतें कीं, आपण बरोबर तरंगत आहों. दोन चुका मिळून उत्तर बरोबर दिसतें. गणिताच्या वह्या तपासतांना आम्हांस हा प्रकार नेहमींच आढळतो. हालचाल थांबली कीं चुका उघड्या पडतात.

मग सहा आठवडे दर शनिवारीं एकच फेरफार करावयाचा, तो वहींत लिहावयाचा, व मित्रानें बाजूनें छायाचित्र घ्यावयाचें, असा नियम त्यानें ठरविला. सहा किलोंचें शिसें चार किलोंवर आणलें. पायांमधला पट्टा सैल असल्यामुळें हवेची पिशवी खांद्यांकडे सरकत होती. तो आवळून पिशवी चार बोटें खालीं घेतली, म्हणजे ती छातीऐवजीं कंबर उचलूं लागली. उरलेल्या शिशापैकीं दोन किलो कमरेवरून काढून पाठीच्या कण्यालगत वर बांधलें. पांचव्या शनिवारीं त्याचें शरीर आडवें झालें.

तरी परीक्षा संपली नव्हती. ॲल्युमिनियमचा सिलिंडर भरलेला असतांना पाण्यांत किंचित् जड असतो. रिकामा होत आला कीं दीड-दोन किलोंनीं हलका होतो. त्याच्या तोंडाशीं पितळी झडप असल्यामुळें तें तोंड खालीं राहतें आणि बूड वर उचलतें. त्यामुळें दोन्ही सिलिंडर मागच्या बाजूनें कोंबड्याच्या शेपटीसारखे वर आले! त्यावर उपाय असा कीं, हवा कमी होत जाईल तसा खालचा चाप कमरेच्या पुढच्या कडीवर घ्यावा. शिवाय दोन सिलिंडरांतील हवा आळीपाळीनें वापरावी. एकच वापरीत राहिल्यास ती कूस हलकी होऊन मनुष्य लवंडूं लागतो. सहाव्या शनिवारीं, जवळजवळ रिकाम्या सिलिंडरांनिशीं, तो एक मिनिट निश्चळ राहिला. तें दुसरें छायाचित्र.

तलावांत उत्तीर्ण झालेला साज सर्वत्र उत्तीर्ण झाला असेंहि नाहीं. समुद्राचें पाणी गोड्या पाण्यापेक्षां शेंकडा सुमारें अडीच भागांनीं जड. १०० लिटर पाणी बाजूस सारणाऱ्या पाणबुड्यास तेथें अडीच किलो अधिक शिसें लागेल. तसेंच, रॉबर्ट बॉइलनें १६६२ मध्यें मांडलेल्या नियमाप्रमाणें दाब वाढला कीं हवेचें आकारमान कमी होतें. पृष्ठावर पिशवींत १० लिटर हवा असेल, तर १० मीटर खोलीवर ती ५ लिटरच उरते. वर येतांना तीच हवा फुगते, व वेळींच न सोडल्यास मनुष्यास वर उडविते.

पालकांस व विद्यार्थ्यांस येथें एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. जी हवा पिशवींत फुगते ती फुप्फुसांतहि फुगते. सिलिंडरांतील हवा घेऊन श्वास कोंडून वर येणारा मनुष्य, पुरुषभर खोलीच्या तलावांतूनहि, फुप्फुस फुटून मरूं शकतो. म्हणून अधिकृत शिक्षकावांचून या उपकरणास कोणीं हात लावूं नये. बाटली व नट यांचा प्रयोग मात्र प्रत्येकानें घरच्या बादलींत अवश्य करावा.

पत्राच्या शेवटच्या ओळींत त्यानें एक कबुली दिली आहे. पहिल्या परीक्षेच्या दुसऱ्याच दिवशीं झऱ्याच्या गुहेंत शिरण्याचा त्याचा बेत ठरला होता. साज स्वतःच्या हातचा, शिवण पक्की, दिसण्यांत सुबक. तलावांतली परीक्षा केवळ रीत म्हणून उरकावयाची होती. तें एक मिनिट त्यास स्थिर राहावयास कोणी सांगितलें नसतें, तर तो गेला असता. पुढेंहि तो लगेच गुहेंत गेला नाहीं. उघड्या झऱ्यांत, वर आकाश दिसेल अशा ठिकाणीं, शिक्षकाबरोबर त्यानें सराव चालविला आहे.

तीं दोन छायाचित्रें आतां आमच्या प्रयोगशाळेच्या भिंतीवर लाविलीं आहेत. दुसरें चित्र मुलांस फार आवडतें. आम्हांस विशेष आनंद वाटतो तो पहिल्याचा. कारण तें फाडून न टाकतां, खालीं तारीख घालून, त्यानें तें आपल्या जुन्या शिक्षकांकडे पाठविलें.