ओट्याखालचे पोलाद: काही रूढ गैरसमज

वर्सोव्याच्या खाऱ्या वाऱ्यापासून मुलुंडच्या डोंगरपायथ्याच्या वसाहतींपर्यंत, पुनर्विकसित इमारतीतील सदनिकेचा ताबा हाती आला की गृहस्थाचे लक्ष ओट्याखालच्या ट्रॉल्यांकडे वळते. आणि हार्डवेअरच्या दुकानात शिरताच, लोहचुंबक चिकटला नाही तर माल अस्सल, असा निवाडा तो बेलाशक देऊन टाकतो.

हा निवाडा मुळातच सदोष आहे. 304 जातीच्या पोलादात सुमारे 18 टक्के क्रोमियम व 8 टक्के निकेल असते; 202 मध्ये महागडे निकेल घटवून त्याची भरपाई मँगेनीज व नायट्रोजन यांनी केलेली असते, आणि सामान्यतः या दोन्ही जाती चुंबकाला दाद देत नाहीत. उलट, थंड अवस्थेत ओढलेल्या तारेत किंचित चुंबकत्व येत असल्यामुळे अस्सल 304 च्या बास्केटलाच चुंबक पुसटसा लागावा आणि 202 निर्दोष सुटावी, असा विपरीत न्यायही घडतो. त्यापेक्षा पक्क्या बिलावर पोलादाची जात लिहून घ्यावी. लिहून देण्यास दुकानदार कुरकुरला, तर ती कुरकुर हाच पुरावा.

‘स्टेनलेस’ म्हणजे कधीच न गंजणारे, हा दुसरा समज. या पोलादाचे रक्षण क्रोमियमच्या ऑक्साइडचा अतिसूक्ष्म पापुद्रा करतो, आणि क्लोराइड त्याला भेदते. समुद्राच्या हवेवर खापर फोडणे सोयीचे खरे. परंतु लाद्या धुण्यासाठी आणलेली अ‍ॅसिडची बाटली सिंकखालच्या बंद कप्प्यात ठेवली, तर तिच्यातून निसटणारी हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ घाटकोपरच्या घरातही बिजागऱ्यांवर तांबूस डाग उठवते. ती बाटली बाहेर गॅलरीतच ठेवावी.

शिवाय, बास्केट 304 ची म्हणून तिचे चॅनेलही 304 चे, असे गृहीत धरू नये. बहुधा ते जस्ताचा मुलामा दिलेल्या साध्या पोलादाचे असतात. स्क्रूंची गोष्ट तर त्याहून बिकट, कारण स्टेनलेसच्या मोठ्या पृष्ठभागाला टेकलेला साधा लोखंडी स्क्रू ओलाव्यात एकट्या लोखंडापेक्षा लवकर झिजतो, आणि हजारोंच्या सामानात काही रुपयांची ही काटकसर सर्वप्रथम उघडी पडते.

सॉफ्ट क्लोजविषयी थोडक्यात एवढेच, की ती सोय खण हळू मिटण्याची आहे, वजन पेलण्याची नव्हे. कुकर, पातेली व धान्याचे डबे ठेवायचे असतील, तर चॅनेलची किलोतील क्षमता विचारावी आणि त्या आकड्यातून खणाचे स्वतःचे वजनही वजा करावे.

झडप लोंबू लागली की दोष बिजागरीला दिला जातो. वस्तुतः पुष्कळदा तिच्यामागची फळी फुगलेली असते. पार्टिकल बोर्डात पाणी मुरले की स्क्रूची पकड सुटते आणि उत्तम बिजागरीही निरुपयोगी ठरते. म्हणून निदान सिंकखाली तरी आयएस 303 मधील बीडब्ल्यूआर, म्हणजे उकळत्या पाण्यासही तोंड देणारे, किंवा आयएस 710 चे मरीन प्लायवुड वापरण्याची तजवीज करावी. भोक सैल झालेच असेल, तर सुताराकडून त्यात सरस लावलेली लाकडी खुंटी ठोकून घ्यावी आणि ती वाळल्यावरच स्क्रू नव्याने आवळावा.