पाठ दुखते म्हणजे पाठ मोडली असे नाही

रविवारी विहारात वंदना झाली की महिला मंडळाच्या भगिनी आमच्याजवळ येऊन बसतात. पिशवीतून एमआरआयची फिल्म निघते. "सिस्टर, मणक्यात गॅप आलाय म्हणे. आता काम सोडावं लागेल का?" धुणीभांडी करणारी, झाडू मारणारी, ऊसतोडीला जाणारी बाई काम सोडून खाणार काय? म्हणून कंबर आणि मान दुखण्याबद्दल संशोधन काय सांगते, ते या अंकात मांडत आहोत.

आधी एक गैरसमज दूर करू. 'गेल्या जन्मीचे भोग' हे शब्द आपल्या वस्तीतही अजून कानावर येतात. दीघनिकायातील संगीति सुत्तात खुद्द तथागत पाठ दुखत असल्याचे सांगून विश्रांती घेतात आणि उपदेशाचे काम सारिपुत्तांकडे सोपवतात. संयुत्तनिकायात सीवक परिव्राजकाने विचारले, तेव्हा सर्व वेदना पूर्वकर्मामुळेच होतात हे मत त्यांनी चुकीचे ठरवले. ऋतुबदल, शरीराची हेळसांड, मार लागणे अशी कारणे त्यांनी दाखवली. आपणही कारणच शोधू.

2020 मध्ये जगात सुमारे 62 कोटी लोकांना कंबरदुखी आणि 20 कोटींना मानदुखी होती. कंबर दुखणाऱ्या दहापैकी नऊ जणांत बोट ठेवता येईल असा एकच बिघाड सापडत नाही. जड ओझी, तासन्‌तास वाकून किंवा एकाच स्थितीत काम, अपुरी झोप, धूम्रपान, वाढलेले वजन आणि मनावरचा ताण अशी अनेक कारणे एकत्र येतात.

मग फिल्ममधल्या 'गॅप'चे काय? काहीही न दुखणाऱ्या 3,000 हून अधिक लोकांच्या तपासण्यांचा आढावा 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. विशीतल्या 37 टक्के आणि पन्नाशीतल्या 80 टक्के लोकांच्या चकत्या झिजलेल्या दिसल्या. वयाने केस पिकतात, तशी चकतीही झिजते. म्हणून धोक्याची लक्षणे नसतील, तर कर्ज काढून लगेच एमआरआय करण्याची गरज नसते.

दुसरी गोष्ट विश्रांतीची. आम्ही नर्सिंग शिकत होतो तेव्हा 'फळीवर सपाट पडून राहा' असे रुग्णांना आम्हीच सांगायचो. पण 1995 मध्ये हेलसिंकी शहराच्या कर्मचाऱ्यांवरील अभ्यासात दिसले, की दोन दिवस पडून राहणाऱ्यांपेक्षा जमेल तेवढी रोजची कामे करत राहणारे लवकर बरे झाले. दुखत असताना हालचाल केली तर मणका सरकेल, ही भीती बहुतेकांच्या बाबतीत खरी नाही. उलट भीतीने हालचाल थांबली की स्नायू कमजोर होतात आणि दुखणे लांबते.

जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर 2023 मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यात व्यायाम आणि दुखण्याची नीट माहिती यांवर भर आहे. कमरेचा पट्टा आणि ट्रॅक्शन नेहमीच्या उपचारात वापरू नयेत, असे त्यात म्हटले आहे. सूज कमी करणाऱ्या वेदनाशामक गोळ्यांचा उपयोग होतो. पण त्या डॉक्टरांना विचारून, थोडेच दिवस घ्याव्यात. जठर, मूत्रपिंड आणि रक्तदाब यांवर त्यांचा परिणाम होतो.

सर्वांत स्वस्त उपाय चालण्याचा. ऑस्ट्रेलियात 701 लोकांवरील चाचणीचा निष्कर्ष 2024 मध्ये आला. आठवड्यातून पाच दिवस, हळूहळू वाढवत 30 मिनिटांपर्यंत चालायचे, असे लक्ष्य होते. चालणाऱ्यांत दुखणे परत यायला साधारण 208 दिवस लागले, न चालणाऱ्यांत 112. मात्र डोक्यावर ओझे घेऊन चालणे म्हणजे हे चालणे नव्हे. मानेसाठी दर अर्ध्या तासाने स्थिती बदला, मान आणि खांदे हळूहळू फिरवा, मोबाइल डोळ्यांच्या पातळीजवळ धरा.

पुढील लक्षणे असतील तर मात्र थांबू नका:

• लघवी अडणे, लघवी-शौचावर ताबा न राहणे, मांड्यांमधला भाग बधिर होणे – त्याच दिवशी रुग्णालय गाठा.
• हातापायांतली ताकद वाढत्या प्रमाणात कमी होणे.
• संध्याकाळचा ताप, वजन घटणे, रात्रीही न थांबणारे दुखणे. आपल्याकडे मणक्याचा क्षयरोग विसरून चालत नाही.
• पडल्यानंतर किंवा अपघातानंतरचे दुखणे, पूर्वी झालेला कर्करोग, दीर्घकाळ स्टिरॉइडचे औषध.

शेवटचा मुद्दा कामाचा. 'नीट वाकून उचला' एवढे शिकवून पाठदुखी टळत नाही, असे अभ्यासांचे आढावे सांगतात. म्हणजे सगळा दोष कामगाराच्या वाकण्याला देऊन चालणार नाही. ओझेही कमी करावे लागेल. बाबासाहेबांनी मजूरमंत्री म्हणून 1946 मध्ये कारखान्यातील कामाचा आठवडा 54 वरून 48 तासांवर आणणारे विधेयक मांडले. 1948 च्या कारखाना कायद्यात, इजा होईल इतके जड ओझे कुणालाही उचलायला लावू नये, असे कलम आले. पण बिगारी, घरकामगार, ऊसतोड कामगार कारखान्याच्या भिंतीबाहेरच राहिले. त्यांच्यासाठी लांब दांड्याचा झाडू, लहान गोणी, जड वस्तूला दोन माणसे आणि मधली सुट्टी आपल्यालाच मागावी लागेल. पुढच्या बैठकीला फिल्म आणालच, तर सोबत दिवसभरात किती ओझे उचलता तेही लिहून आणा. तिथूनच सुरुवात करू.

जय भीम!